ग्राफिक्स कार्ड घेताना : आपांच्या घरातला हिशेब

आमच्या आपा खापरीला राहतात, मिहानच्या अगदी काठावर. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे शेते होती. आता एका बाजूला टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलच्या इमारती, दुसऱ्या बाजूला एम्स, आणि वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना फ्लॅटच्या योजनांचे फलक. दुल्हाभाई कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी गाडी चालवतात. रात्री दोनला शिफ्ट सुटली की लोकांना घरोघरी सोडायचे आणि पहाटे फजरच्या सुमारास घरी यायचे, असा त्यांचा क्रम. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा लेख त्याच्या एका मागणीमुळे लिहावा लागला.

मागणी अशी : "मामू, ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. मिड-रेंजचं. तीस हजारांत येईल."

आपांनी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि आमच्याकडे पाहिले. "खेळायला तीस हजार? तू शिक्षक आहेस, तूच सांग त्याला."

सांगायचा अधिकार आमच्याकडे फारसा उरला नव्हता, कारण आधीच्या वर्षीची चूक आमच्याच सल्ल्याने झाली होती. तेव्हा ईदी आणि साठवलेले पैसे मिळून सात हजार जमले होते. नागपूरच्या एका दुकानातून त्याने जुने आरएक्स ५८० कार्ड घेतले, आणि घ्यायला आम्हीच सोबत गेलो होतो. "आठ जीबी आहे, स्वस्तात मिळतंय, घे," हेही आम्हीच म्हणालो. मे महिना सुरू होता. तीन आठवड्यांत पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन दिसू लागले आणि एका दुपारी सगळे बंद पडले. दुकानदाराने हात वर केले. बिल नव्हते, तोंडी 'टेस्टिंग वॉरंटी' होती आणि ती सात दिवसांची होती. नंतर कळले ते असे. आरएक्स ५८० हे २०१७ साली आलेले कार्ड. इथेरियम नावाच्या आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी ते जगभर रात्रंदिवस जुंपले गेले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे मायनिंग थांबले आणि वापरून थकलेली कार्डे पोत्यांनी जुन्या बाजारात उतरली. पंखे पुसून, नवा पेस्ट लावून ती 'गेमिंग कार्ड' म्हणून विकली गेली. मायनिंगमधले प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. पण आपल्या हातात आलेले कोणते, हे काउंटरवर ओळखता येत नाही.

ते सात हजार गेल्यावर दुल्हाभाई एक शब्द बोलले नाहीत. तो न बोललेला शब्द आम्हाला जास्त लागला. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की आधी स्वतः शिकायचे, मग सल्ला द्यायचा. जुलै २०२५ चे दोन-तीन रविवार यात गेले. वाचकांपैकी अनेकांच्या घरात अशी मुले आहेत. आई-वडिलांना यातले काही कळत नाही आणि मुलांना एकाच व्हिडिओवाल्याचे म्हणणे पाठ असते. दोघांच्या मधल्या जागेसाठी हे लिहीत आहोत.

कार्ड करते काय?

पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळ सुरू असताना प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवायचा असतो. हे काम अवघड नाही, प्रचंड आहे. एका हुशार माणसापेक्षा हजारो साधे मजूर ते लवकर करतील. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो हुशार माणूस, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे मजुरांचा तांडा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० मध्ये असे ३५८४ मजूर आहेत. हीच शक्ती थ्री-डी चित्रे बनवायला लागते, आणि आजकाल एआयलाही.

भाच्याला दोन्ही हवे होते. मित्रांबरोबर खेळायचे होते, हे त्याने लपवले नाही आणि आम्हाला ते आवडले. दुसरे म्हणजे तो ब्लेंडर नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर शिकत होता. वर्धा रोडवरच्या फलकांवर इमारत बांधण्याआधीच तिची जी चकचकीत चित्रे दिसतात, तसली तो बनवू पाहत होता. एक चित्र तयार व्हायला त्याच्या संगणकाला रात्रभर लागायचे, आणि मध्येच वीज गेली की सारे पाण्यात.

आपांना दुसरीच धास्ती होती, पैसे लावून खेळण्याची. ती धास्ती योग्य आहे, पण तिचा कार्डाशी संबंध नाही. ते खेळ साध्या मोबाइलवर चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली तेव्हा आम्ही आपांना ती बातमी वाचून दाखवली.

किंमत कुठून येते

मिड-रेंज म्हणजे साधारण अडीचशे ते सव्वाचारशे डॉलरची कार्डे. ही कार्डे बाहेरून येतात, त्यामुळे आपल्या किमतीचा पाया डॉलर आहे. कंपनी जी किंमत जाहीर करते तिला रुपयाच्या दराने गुणायचे आणि वर १८ टक्के जीएसटी लावायचा. त्या वेळी डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. आरटीएक्स ५०६० ची जाहीर किंमत २९९ डॉलर, म्हणजे २५,७१४ रुपये, जीएसटी धरून ३०,३४२. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ३४९ डॉलरला होते, ते ३५,४१७ वर जात होते. इंटेलचे आर्क बी५८० २४९ डॉलरचे, ते २५,२६९ ला पडायला हवे होते. याच्यावर आयातदार, घाऊकवाला आणि दुकानदार यांचा हिस्सा येतो. कार्ड जुने होत गेले की काही हजार उतरतातही.

हा गुणाकार भाच्याने वहीत करून नेला आणि दुकानात त्याचा उपयोग झाला. एका ठिकाणी ५०६० साठी जो भाव सांगितला तो या हिशेबापेक्षा आठ हजारांनी वर होता. "एवढा कसा?" असे विचारल्यावर उत्तर आले, "तीन पंखे आहेत, लाइट आहेत." दोन पंख्यांच्या साध्या कार्डात चिप तीच असते. वेगात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. लाइटचे पैसे ज्याला द्यायचे त्याने द्यावेत.

सरासरीचा फसवा आकडा

कार्डांची तुलना करताना 'सेकंदाला किती चित्रे', म्हणजे एफपीएस, हा आकडा सांगतात. तो जवळजवळ नेहमी सरासरी असतो. आम्ही शिक्षक. सरासरीवर आमचा विश्वास कमी. चाळीस मुलांच्या वर्गाची सरासरी सत्तर आली म्हणजे वर्गात चार नापास नाहीत असे होत नाही. खेळातही तसेच आहे. सरासरी ऐंशी चित्रे येत असतील, पण दर काही सेकंदांनी एखादे चित्र अडकत असेल तर हाताला झटके जाणवतात. म्हणून चांगले परीक्षक दुसरा आकडाही देतात, सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा. त्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात. मुलगा व्हिडिओ दाखवायला आला की हा दुसरा आकडा विचारावा. सरासरी आणि हा आकडा जितके जवळ, तितके कार्ड भरवशाचे.

तिसरा एक आकडा हल्ली जाहिरातीत असतो आणि तो ग्रेस मार्कांसारखा आहे. 'फ्रेम जनरेशन' नावाच्या युक्तीत कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः कल्पून चित्रे घुसवते. हालचाल गुळगुळीत दिसते, पण तुम्ही बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या चित्रांच्याच वेगाने येतो. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आपले ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० जुन्या, त्याच्या जवळपास तिप्पट किमतीच्या ४०९० च्या बरोबरीचे म्हणून सांगितले ते ही कल्पित चित्रे मोजून. ग्रेस मार्क मिळालेल्याला आम्ही पास म्हणतो, पहिला आलेला म्हणत नाही. वेगळी गोष्ट 'डीएलएसएस' आणि 'एफएसआर' या अपस्केलिंगची. त्यात चित्र लहान आकारात काढून हुशारीने मोठे करतात आणि त्याने खरोखर वेग वाढतो. एनव्हिडियाचे डीएलएसएस जास्त सुबक आहे. एएमडीचे एफएसआर बरीच वर्षे मागे होते, ९०६० एक्सटीच्या पिढीत ते पुष्कळ सुधारले.

रुपयाला किती गुण

आता मुख्य तुलना. आम्ही आरटीएक्स ३०६० ला शंभर गुण दिले. ते २०२१ चे कार्ड, १२ जीबी मेमरी. फुल एचडीवर २०२३ चे आरटीएक्स ४०६० त्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने वेगवान आहे, म्हणजे एकशे वीस. एएमडीचे आरएक्स ७६०० साध्या खेळांत ४०६० च्या जवळपास बसते, पण प्रकाशाच्या खऱ्यासारख्या परिणामांत, ज्याला रे ट्रेसिंग म्हणतात, मागे राहते. त्याचा भाऊ आरएक्स ६६०० हा २०२१ चा. तो ३०६० च्या किंचित खाली, पण वीज फक्त १३२ वॅट खातो आणि त्या वेळी सर्वांत स्वस्त मिळत होता. ज्याला केवळ खेळायचे होते आणि वीस हजारांच्या वर जायचे नव्हते, त्याला तेव्हा ६६०० घेऊन निश्चिंत होता येत होते. २०२५ चे ५०६० हे ४०६० पेक्षा आणखी पाचव्या हिश्श्याने पुढे. ९०६० एक्सटी १६ जीबी आणि ५०६० टीआय १६ जीबी हे दोघे त्याच्याही पुढे आहेत. टीआय थोडे वेगवान, पण ४२९ डॉलरचे होते.

आम्हाला मिळालेल्या भावांत ३०६० पंचवीस हजारांना होते आणि ४०६० तीस हजारांना. भागाकार करा : दोन्हींत एका गुणाला अडीचशे रुपये. वेगाच्या मोजमापात दोघांची योग्यता सारखीच. ५०६० बत्तीस हजारांना मिळत होते. त्याचे गुण एकशे चव्वेचाळीस धरले तर एका गुणाला दोनशे बावीस रुपये. सरळ गणितात ५०६० जिंकले.

भाचा म्हणाला, "मग ठरलं ना, मामू?"

आम्हीही तेच म्हणणार होतो. पण सात हजारांची आठवण होती, म्हणून म्हटले, आधी तुझा संगणक उघड.

संगणक उघडल्यावर

हा संगणक त्याने एका छोट्या कंत्राटदाराचे ऑफिस बंद झाले तेव्हा तिथून घेतला होता. इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साधा मदरबोर्ड आणि ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. चांगली वस्तू. पण तीन गोष्टी दिसल्या आणि त्यांनी निकाल फिरवला.

पहिली, पडदा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. कार्डाने एकशे वीस काढली तरी उरलेली साठ डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. वेगवान कार्डाने हाताला प्रतिसाद थोडा लवकर मिळतो हे खरे, पण त्यासाठी सात हजार जास्त मोजायचे का? ज्याच्याकडे १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आहे त्याचे उत्तर वेगळे येईल. ज्याच्याकडे २५६० बाय १४४० चा आहे त्याचे आणखी वेगळे, कारण तिथे ठिपके पावणेदोन पटींहून जास्त होतात.

दुसरी गोष्ट मेमरी, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण दुकानांत सर्वांत कमी समजावली जाते ती हीच. कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे अभ्यासाचे टेबल. खेळातल्या भिंती, चेहरे, गवत यांची चित्रे या टेबलावर पसरलेली असतात आणि मजूर ती हात लांबवून घेतात. ४०६० चे टेबल ८ जीबीचे. हात लांबवण्याचा वेग सेकंदाला २७२ जीबी. टेबल भरले की जास्तीचे सामान संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवावे लागते, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. तिथून आणायचा रस्ता म्हणजे कार्ड जिथे बसते तो खाचा, पीसीआय एक्सप्रेस. त्याच्या पिढ्या आहेत आणि मार्गिका आहेत. ४०६०, ५०६० आणि आरएक्स ६६०० या कार्डांना कंपनीने सोळाऐवजी आठच मार्गिका दिल्या आहेत. नव्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी सामान येते. भाच्याचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा. तिथे हा रस्ता निम्मा, सुमारे ८ जीबी. म्हणजे टेबल भरल्यावर २७२ वरून ८ वर घसरण. हे झटके सरासरीच्या आकड्यात दिसत नाहीत. ते त्या 'वन पर्सेंट लो'मध्ये दिसतात.

टेबल भरते का? रोजच्या ऑनलाइन खेळांत, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकमध्ये, नाही. पण २०२३ मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आले तेव्हा ८ जीबीची कार्डे उच्च सेटिंगवर अडखळू लागली आणि तेव्हापासून ही तक्रार वाढतच गेली आहे. सेटिंग उतरवले की काम भागते, हेही सांगायला हवे. ब्लेंडरचे मात्र तसे नाही. इमारत, झाडे, गाड्या, फर्निचर असे भरलेले दृश्य टेबलात मावले नाही तर काम फार मंदावते किंवा मध्येच थांबते. ३०६० चे टेबल १२ जीबीचे आहे आणि त्याला सोळाच्या सोळा मार्गिका आहेत. जुन्या बोर्डवर बसवायला हा जुना गडी बरा निघाला. त्यातून ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाची कार्डे एएमडीपेक्षा पुढे असतात. म्हणून ९०६० एक्सटी, जे नव्या संगणकासाठी आम्ही डोळे झाकून सुचवले असते, यादीतून गेले. बजेटही त्याच्या आड होते. इंटेलचे बी५८० स्वस्त आणि १२ जीबीचे, पण ते जुन्या प्रोसेसरबरोबर आपला वेग गमावते. त्याला नवा संगणकच हवा.

इथे एक सावधानता. ३०६० या नावाने ८ जीबीचेही एक कार्ड बाजारात आले. त्याचे नुसते टेबल लहान नाही, हातही आखूड आहेत. डब्यावर नाव तेच. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय यांचीही ८ आणि १६ अशी दोन रूपे आहेत. ३०५० चेही दोन प्रकार आहेत. डब्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत. लॅपटॉपवरचे '४०६०' हे तर आणखी वेगळे प्रकरण. त्यात नाव तेच ठेवून वीज ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही दिलेली असते, आणि वेग त्याप्रमाणे.

तिसरी गोष्ट पॉवर सप्लाय. डब्यावर '४५० वॅट' छापले होते, वजन मात्र हातात खेळण्यासारखे. गेल्या वर्षीचे कार्ड मायनिंगने मेले की या डब्याने मारले, हे आता सांगता येणार नाही. सात हजारांचा सगळा दोष त्या दुकानदाराच्या माथी मारत आलो होतो, त्यातला निम्मा आमच्या घरातल्या डब्याचाही असू शकतो. ३०६० ची कमाल वीज १७० वॅट आणि त्यासाठी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, '८० प्लस ब्रॉन्झ' शिक्क्याचा सप्लाय घ्यावा लागतो. तीन-साडेतीन हजार त्याचे. हे पैसे बत्तीस हजारांच्या कार्डात उरले नसते.

ज्यांनी मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले ब्रँडेड संगणक घेतले आहेत, आणि मिहानच्या आसपास असे पुष्कळ आहेत, त्यांनी आणखी एक पाहावे. त्यांचे सप्लाय बहुधा दोनशे-अडीचशे वॅटचे असतात, त्यांचे कनेक्टर बाजारातल्या सप्लायशी जुळत नाहीत आणि कॅबिनेट अरुंद असते. तिथे यातले कोणतेच कार्ड बसणार नाही. त्यांच्यासाठी आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप आहे. ते ७० वॅटचे असल्याने खाचेतूनच वीज घेते, वेगळी वायर लागत नाही, आणि त्यातली काही बुटक्या कॅबिनेटसाठीही मिळतात. वेग कमी, पण कॅबिनेटमध्ये बसते.

वीज आणि मे महिना

३०६० विरुद्ध एक रास्त मुद्दा आहे, तो वीजबिलाचा. ४०६० ला ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०. फरक ५५ वॅट. रोज तीन तास धरले तर वर्षाला साठ युनिट. युनिटला बारा रुपये धरले तर सातशे वीस रुपये. तीन वर्षांत दोन हजारांच्या वर. किमतीतल्या पाच हजारांच्या फरकातून हे वजा करायला हवे, आणि आम्ही ते दुल्हाभाईंसमोर वजा केले.

दुसरा खर्च उष्णतेचा. कार्ड खाते ती सारी वीज शेवटी खोलीत गरमी होऊन बाहेर पडते. परदेशी परीक्षक आपल्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत कार्ड सत्तर अंशांवर चालले म्हणून सांगतात. नागपूरच्या मेमध्ये बाहेर पंचेचाळीस, पत्र्याखालच्या खोलीत कूलर लावूनही पस्तीस-अडतीस. तेच कार्ड तिथे ऐंशीच्या पुढे जाते आणि पंखे गिरणीसारखे वाजू लागतात. यावर फुकटचा उपाय आहे. 'आफ्टरबर्नर' या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणायची. १७० चे १३६ वॅट होतात आणि वेग थोडासाच उतरतो. शिवाय खेळ साठ चित्रांवर बांधून टाकायचा. पडदा दाखवतोच साठ, मग जास्तीची काढून वीज का जाळायची? आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवायचे नाही. गारवा मिळतो असे वाटते, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली, धुळकट हवा आत चिकटते. गेल्या वर्षी ते नेमके तिथेच ठेवले होते.

खरेदी

एका शनिवारी दुल्हाभाई झोपून उठल्यावर आम्ही तिघे खापरी स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डीला गेलो. काउंटरवरच्या मुलाने हप्त्यांचा कागद पुढे केला : 'नो कॉस्ट ईएमआय, सूद नाही.' दुल्हाभाईंनी विचारले, "सूद नाही तर बँक का देते?" मुलगा हसला. खरी गोष्ट अशी की बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देऊन ते झाकते, आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा ग्राहकाच्या बिलात येतो. रोख घेणाऱ्याने ती सूट मागून पाहावी. आम्ही मागितली. सातशे रुपये सुटले.

३०६० ची १२ जीबीची पेटी सीलबंद आहे हे पाहिले, डब्यावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला आणि वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची हे विचारले. कंपनीची, तीन वर्षे. सप्लायसह अठ्ठावीस हजारांच्या आत बसले. दुल्हाभाईंनी नोटा दोनदा मोजल्या, आणि भाचा तेवढा वेळ काचेतल्या ५०६० कडे बघत होता. ते आम्ही पाहिले. परत येताना त्याला म्हटले, नोकरी लागल्यावर बोर्ड आणि मॉनिटर बदलशील तेव्हा ते किंवा त्याच्या पुढचे घे, त्या दिवशी तेच बरोबर असेल. तो म्हणाला, "मामू, तोवर ८ जीबी आणखी लहान झालेलं असेल." या उत्तराला आम्ही मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

पहिल्या रात्री तो खेळला नाही. म्हणजे दोनपर्यंत खेळला, पण आधी त्याने ब्लेंडर उघडले. जे चित्र रात्रभर घ्यायचे ते मगरिबनंतर सुरू केले आणि जेवण होईपर्यंत पुरे झाले. पहाटे दुल्हाभाई आले तेव्हा पडद्यावर त्यांचीच पांढरी गाडी होती, खापरीच्या पुलाखाली उभी, दिवे लागलेली. त्यांनी चष्मा लावून नंबर प्लेट पाहिली आणि म्हणाले, मागच्या दाराला पोचा आहे, तो राहिलाय.

भाच्याने तो त्याच दिवशी घातला.